अक्कईंनी वेश्यांची बाजू घेतली तर बिघडलं कुठं?

राकसकोप: कर्नाटकातल्या तृतीयपंथी कार्यकर्त्या अक्कई पद्मशाली वेश्यांच्या बाजूनं बोलल्या, त्यावर बोरगावकरांची पोस्ट: "अक्कई पद्मशालींनी तृतीयपंथीयांचं बघावं. 2021 ला कर्नाटकात सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का आरक्षण मिळालंय, ते राबवून घ्यावं. वेश्यांची वकिली कशाला? देवदासी प्रथेविरुद्ध 1982 पासून कायदा आहे की." वाचून डोकं फिरलं. तो कायदा मुलगी देवीला सोडण्याविरुद्ध. निपाणी-अथणीत आज धंद्यावर पोट असलेल्या बाईला पोलीस लावतात तो 1956 चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा. त्यात एकटीनं स्वतःच्या खोलीत धंदा करणं गुन्हा नाही. पण देऊळ, शाळा, दवाखान्यापासून 200 मीटरच्या आत असली की कलम 7 खाली गुन्हा. आपल्या गावांत देवळापासून 200 मीटर लांब घर दाखवा बघू! कलम 4 त्याहून भारी: तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा 18 वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार. कॉलेजातला पोरगासुद्धा. आणि अक्कईंनी हा व्यवसाय स्वतः केल्याचं उघड सांगितलंय, मग बोलायचं कुणी?

बोरगावकर: कलमं पाठ आहेत, कळलं. कलम 4 काढलं की दलालाला रान मोकळं. मुलाचं नाव पुढं करून 'भाऊ' सुटतो.

तिलारी: भांडा तुम्ही. 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं वेश्यांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार द्या म्हटलं, त्याचं बघा की. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्य एड्स सोसायटीच्या प्रकल्प संचालकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि आधारवर व्यवसायाची कसलीही खूण येता कामा नये. गोची इथं आहे: प्रमाणपत्र मिळतं ते एड्सचं काम करणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव असलेल्यांना. मोबाईलवर गिऱ्हाईक ठरवणारी बाई यादीत येते कुठं?

जांबोटी: जोगप्पांचं, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या तृतीयपंथीयांचं, त्याहून वाईट. 2020 च्या नियमांत ट्रान्सजेंडर ओळखपत्राला प्रतिज्ञापत्र पुरत होतं, वैद्यकीय तपासणी नव्हती, जिल्हाधिकाऱ्यांनी 30 दिवसांत द्यायचं होतं. पण शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत.

खडेबाजार: तेच म्हणतोय मी कधीपासून! कागदं मराठीत द्या, अर्धे घोळ मिटतील.

तिलारी: आला सीमाप्रश्न. जोगप्पांच्या अर्जातसुद्धा!

खडेबाजार: का नको? कन्नड अर्जावर अंगठा उठवून घेतात. काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही.

जांबोटी: अंगठा उठवणाऱ्या कितीतरी जणींना मराठीही वाचता येत नाही ओ. अर्ज मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस लागतो.

खडेबाजार: मग वाचून तरी मराठीत दाखवू दे. इतकं तरी मान्य आहे का?

बोरगावकर: आता कोण कुणाची वकिली करतंय! बरं, पोरापुरतं आणि म्हाताऱ्या आईपुरतं कलम 4 ढिलं करा, घ्या. पण तिच्यासोबत राहणाऱ्या बाप्यानं आपण दलाल नाही हे स्वतःच सिद्ध करायचं, हे मात्र राहू दे.

राकसकोप: सिद्ध करायला लागतं म्हणूनच तर नवरापण आत जातो. बाई आणून धंद्याला लावणाऱ्यासाठी कलम 5 आहे, 3 ते 7 वर्षं सक्तमजुरी. ते लावा की आधी. 200 मीटरवर मात्र गप्प बसलात.

बोरगावकर: देवळाजवळचं मी सोडणार नाही.

खडेबाजार: आणि कागदं?