मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन टोकियोला

नमस्कार ताई-दादांनो. मी आर्वीजवळच्या खेड्यात राहते. आमचे हे टोकियोत नोकरीला आहेत. दिवाळी झाली की मी लेकीला घेऊन एकटीच निघणार, नागपूरहून दिल्ली आणि तिथून पुढं. तिला दोन वर्षं पुरी झाल्यानं विमानात सीट वेगळी काढली, पासपोर्टही आला.

धास्ती गर्दीची आहे. पोरगी अंगणात, वावरात मोकळी हिंडणारी. हात धरून चालायची सवयच नाही. आणि रोजचं जाणं-येणं शिंजुकू स्टेशनातून, जे जगातलं सगळ्यात गजबजलेलं! सकाळी आठच्या सुमाराची लोकल टाळायची, एवढं ठरवलंय. पण बाबागाडी न्यावी की अंगाशी बांधायचं कॅरिअर? माझ्या मते कॅरिअर बरं, पण एवढं वजन दिवसभर पेलवेल का? लेकरू हातातून सुटलं तर स्टेशनात कोणाला गाठायचं? जपानी मला येत नाही.

खाण्याचंही सांगा. आम्ही माळकरी. भात मिळेल, पण तिथल्या सूपात, भाजीतसुद्धा बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचा उकळून काढलेला अर्क, असतो. बाहेर पडल्यावर लहान लेकराला काय खाऊ घालता? तिकडं राहून आलेल्या आयांनी कृपया सविस्तर लिहा.