मदत हवी आहे: एआय एजंट कोड लिहू लागल्यावर नवीन मुलांना तयार कसे करावे?

नमस्कार. सांगलीत विश्रामबाग परिसरात आमची एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. हळद आणि बेदाण्याच्या अडत व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशोबाची प्रणाली तयार करतो. सौद्याच्या नोंदी, वजने, हमाली-तोलाईच्या वजावटी आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद), हे सगळे तिच्यात येते. कोड बराच जुना, पीएचपी आणि मायएसक्यूएलमधला आहे.

2021 साली गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारे एआय साधन आले तेव्हा ते फार तर पुढच्या काही ओळी सुचवत असे आणि लिहिणारा माणूसच असे. आता क्लॉड कोड किंवा कोडेक्ससारख्या एआय एजंटाला काम सांगितले की तो स्वतः फायली धुंडाळतो, बदल करतो, चाचण्या (कोड अपेक्षित उत्तर देतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवतो, आलेल्या त्रुटी वाचून पुन्हा दुरुस्त्या करतो आणि तपासणीसाठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, पुढे ठेवतो. अहवालात रकाना वाढवणे किंवा छपाईची मांडणी बदलणे अशी कामे तो उत्तम करतो, याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. पट्टीतली प्रत्येक वजावट आधी पूर्ण रुपयात करून मग बेरीज घ्यायची, की बेरीज झाल्यावर एकदाच पूर्ण रुपयात करायची, हे आमच्याकडे पेढीनुसार बदलते आणि ते कुठेही लिहिलेले नाही. एजंटाने नव्या पट्टीसाठी सरसकट दुसरी पद्धत धरली आणि चाचणीही त्याच समजुतीवर लिहिली. त्यामुळे सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, दिसत होत्या. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या नजरेत हा फरक तपासणीतच आला, कारण मार्केट यार्डात दिवाणजींच्या शेजारी बसून त्यांनी अनेक हंगाम हिशोब पाहिलेले आहेत. कोड आणि चाचणी एकाच गैरसमजातून जन्मली असेल, तर ती चाचणी कोडच्या होला हो करण्यापलीकडे काही करत नाही.

ही नजर नवीन मुलांना कुठून येणार, हा माझा प्रश्न आहे. पूर्वी महाविद्यालयातून आलेल्या मुलाला आम्ही सुरुवातीला अशीच किरकोळ कामे देत असू. ती करताना त्याचे हात अडकत, तो चार वेळा विचारत असे आणि त्यातून त्याला पट्टी कळू लागे. आता तीच कामे एजंट चहा संपायच्या आत उरकतो, आणि आम्ही त्या मुलाकडून थेट एजंटाने लिहिलेला कोड तपासण्याची अपेक्षा करतो, जे खरे तर अनुभवी माणसाचे काम आहे.

पहिले काही महिने एजंट पूर्ण बंद ठेवावा, असे एका मित्राने सुचवले. मला ते पटत नाही, कारण पुढे ज्या साधनासोबत काम करायचे त्यापासून मुलांना लांब ठेवून त्याच्या खोडी कशा कळणार? त्याऐवजी अपेक्षित आकडे मुलांनी यार्डातल्या खऱ्या पट्ट्यांवरून हाताने काढावेत, चाचण्या त्यांनीच लिहाव्यात आणि एजंटाला त्या चाचण्यांच्या फायली बदलण्याची परवानगी देऊ नये, असा माझा विचार आहे. मात्र यात वेळ जातो आणि भागीदारांना एजंटामुळे काम झटपट झालेले दिसायला हवे आहे.

वेगाबद्दल जुलै 2025 मध्ये मेटर या संस्थेने प्रसिद्ध केलेला अभ्यास मी वाचला आहे. त्यात 16 अनुभवी मुक्तस्रोत (ओपन सोर्स) विकासकांनी 246 कामे केली. एआय साधने वापरता येत असताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, पण आपले काम सुमारे 20 टक्के वेगाने झाले असे त्यांना वाटत होते. ती माणसे आपापल्या प्रकल्पात मुरलेली होती आणि साधने 2025 च्या सुरुवातीची होती, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आम्हाला लावता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही आपल्या वेगाविषयीच्या अंदाजावर विसंबू नये, एवढे त्यातून मी घेतले.

ज्यांच्या कंपनीत पाच-दहा माणसे आहेत आणि जुना कोड सांभाळावा लागतो, त्यांनी कृपया सांगावे: नवीन मुलांना तपासणीची जबाबदारी आपण कोणत्या टप्प्यावर दिलीत? व्यवसायाचे अलिखित नियम एजंटाच्या सूचना-फाईलमध्ये लिहून ठेवल्याने प्रत्यक्ष उपयोग झाला का, आणि ती फाईल अद्ययावत कोण ठेवते? चाचण्यांच्या फायली कुलूपबंद ठेवण्याचा प्रयोग कोणी केला असल्यास त्याचा अनुभवही हवा आहे. हळदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मला ही व्यवस्था बसवायची आहे.