नाकातली गाठ : आधी एमआरआय, मग बायोप्सी
मुलाच्या नाकात गाठ आहे, ती कॅन्सरची वाटत नाही, मग तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) डॉक्टर का थांबलेत, असा प्रश्न काही पालकांना पडतो. थांबलेत ते योग्यच! मेंदूतला कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पट्टा) जन्मतःच नसलेल्या मुलाच्या नाकात गाठ दिसली, तर आधी शंका एन्सेफॅलोसीलची. म्हणजे कवटीच्या तळाला भोक राहून मेंदूचं आवरण, कधी मेंदूचा भागही खाली उतरतो. बाळ रडलं की अशी गाठ फुगू शकते. तिला सुई लागली तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू लागतं, मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या संसर्गाचा) धोका असतो. मेंदूशी जोड नाही असं एमआरआयमध्ये दिसलं, तर मग कॉन्ड्रोमेसेन्कायमल हॅमार्टोमासारख्या दुर्मिळ, कॅन्सर नसलेल्या गाठींचा विचार. ही हॅमार्टोमाची गाठ निघाली तर डायसर-१ जनुकाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा; त्या जनुकदोषात लहान मुलांना फुप्फुसाचा ट्यूमरही होऊ शकतो. आणि अशा मुलाच्या नाकातून स्वच्छ पाणी टपकलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं; सर्दी समजून घरी थांबू नका.