स्टँडअपमध्ये गोष्ट चार मिनिटांत बसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याला नोकरी करतो. कॉलेजात असताना स्नेहसंमेलनात एकपात्री करायचो. गेल्या ३ महिन्यांत पुण्यात स्टँडअपचे ४ ओपन माईक (नाव नोंदवून कुणीही बोलू शकतो असे कार्यक्रम) केले. दुपारची एसटी पकडायची, नाव नोंदवायचं, दीड-दोन तास थांबायचं आणि ४ मिनिटं बोलायचं. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात.

माझा विषय आहे आमच्या भावकीतली सुपारी फोडायची बैठक. घरी सांगतो तेव्हा माणसं पोट धरून हसतात. तिथं मात्र चुलते, मामा, मध्यस्थ उभे करेपर्यंत टॉर्च लागतो. रेकॉर्डिंग ऐकून वेळ मोजली, पहिला हशा १ मिनिट ५० सेकंदांनी. एकपात्रीला माणूस निवांत बसायच्या तयारीनं आलेला असतो, त्यामुळे तिथं हे खपायचं.

गोष्ट छाटू, की हा विषयच सोडू? आणि बोली ठेवू का? प्रमाण मराठीत बोललो की चुलते मला चुलते वाटतच नाहीत. मला हे मनापासून करायचं आहे, स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १:
विषय सोडू नका, माणसं कमी करा. मामा आणि मध्यस्थ दोघेही काढा. सुरुवात बैठकीच्या मधूनच करा: "जेवणाचा खर्च कुणाकडे, असं मुलीकडच्यांनी विचारलं आणि आमच्या चुलत्यांनी बशी खाली ठेवली." बैठक कशी असते हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि गमतीचा शब्द त्याच्या आधी गाडला जातो. "चुलत्यांनी मंडपात कूलर पाहिजे असं सांगितलं होतं" यात कूलरनंतर चार शब्द उरतात, हसणारा तिथंच थांबतो. "चुलते म्हणाले, आम्हाला काही नको. मंडपात फक्त एक कूलर." इथं गप्प बसा. मला हे कळायला वर्ष लागलं. तुमची प्रत्येक ओळ अशी उलटून बघा.

बोली ठेवाच. समोर हिंदी बोलणारे जास्त असतील तर निवेदन सोपं करा, चुलत्यांचं बोलणं मात्र तसंच राहू द्या.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. ४ प्रयोगांवरून निकाल लावू नका. ओपन माईकला समोर बसलेले निम्मे लोक स्वतःच्या पाळीची वाट बघत मनात आपलं पाठ करत असतात, त्यांच्या शांततेचा अर्थ लावण्यात काही हशील नाही. तीच ४ मिनिटं १०-१२ वेळा करा, दर वेळी नवं लिहू नका. माईक हातात घेतलात तर स्टँड बाजूला सरकवा, नाहीतर चेहरा झाकतो आणि तुमचं तर सगळं चेहऱ्यावर आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
बशीवाली ओळ काल रात्रीच लिहून काढली. मामांना काढताना जीवावर आलं, पण पहिला हशा आता २० सेकंदांत येईल असं वाटतंय. शनिवारी करून बघतो आणि रेकॉर्डिंगमधली वेळ इथंच कळवतो.