झोपाळ्याच्या सागवानी फळीला १६ मिमीची भोकं: फ्लॅट बिट चालेल का?

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी. गावाकडचं जुनं घर उतरवलं, त्यातली झोपाळ्याची सागवानी फळी कोल्हापूरला आणलीय. जाडी दोन इंच. चार कोपऱ्यांत १६ मिमीची आरपार भोकं पाडून पितळी दांड्या घालायच्या, खालून वायसर आणि नट. त्यातल्या दोन कोपऱ्यांत आधीचीच १२ मिमीची भोकं आहेत, ती मोठी करायचीत. मशीन म्हणजे घरातलं साधं १३ मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल. लक्ष्मीपुरीत दुकानदारानं तीन प्रकार पुढं ठेवले: चपटं फ्लॅट बिट, पिळाचं ऑगर आणि सपाट तळाचं भोक पाडणारं फोर्स्टनर. फ्लॅट बिट स्वस्त, म्हणून तेच घेतलं. त्याच लाकडाच्या तुकड्यावर चालवून बघितलं. वरनं भोक झकास, खालनं मात्र भला मोठा ढलपा उडाला, आणि धूरही निघाला. बिट बदलू की पद्धत?

राजारामपुरी_वायरिंग:
ऑगर घ्या आणि मोकळे व्हा. माळ्याच्या तुळईतनं पाईप न्यायला आम्ही तेच वापरतो. बिट आपसूक आत जातं, जोर लावावा लागत नाही.

जुना_पॅटर्नमेकर:
आपसूक आत जातं, तीच तर भानगड आहे. ऑगरच्या टोकाला स्क्रूचे आटे असतात, ते बिटाला लाकडात ओढतात. मशीन हळू फिरणारं आणि ताकदीचं असेल तर ठीक. घरगुती इम्पॅक्ट ड्रिल फुल स्पीडला अडीच-तीन हजार फेरे मारतं. जुन्या सागवानात ऑगर अडकलं की बिट थांबतं आणि मशीन फिरतं, मनगटासकट. वायरिंगवाल्यांचा हात बसलेला असतो, नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

भावा, तुझं बिट बरोबर आहे. मी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करण्यात उमर घालवली. पॅटर्नला फ्लॅट बिट कधी लावलं नाही, कारण त्याचं भोक खरबरीत आणि किंचित सैल येतं. पण तुझ्या भोकातनं दांडी जाणार, वर-खाली वायसर बसणार. तिथं सफाई बघायला कोण वाकणार आहे?

आता ढलप्याचं. या बिटाचं मधलं टोक पात्यांच्या बरंच पुढं असतं. भोक पाडत जा आणि खालनं टोक नुसतं डोकावलं की थांब. फळी उलटी कर, टोकाच्या त्या बारीक भोकात बिट टेकव आणि उरलेलं तिकडनं पाड. दोन्ही तोंडं स्वच्छ येतात. फळी उलटता येत नसेल तर खाली टाकाऊ लाकूड क्लॅम्पनं गच्च आवळायचं. नुसतं ठेवून भागत नाही, मधे फट राहिली की ढलपा उडालाच.

धुराची कारणं दोन. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. आणि बिट न कापता नुसतं घासत राहिलं की लाकूड जळतं. १६ मिमीला दीड हजाराच्या आसपास वेग ठेव, २५ च्या वरच्या बिटांना हजाराच्या आत. हातोडीच्या चिन्हावरचं बटण आधी ड्रिलच्या चिन्हावर आण, नाहीतर लाकडात ठोकाठोक चालू होते. बाजूची मूठ लावायची. मधेमधे बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढ, भुसा पडू दे.

बिटाला धार तू घरीच लावू शकतोस, बारीक चपट्या कानसनं. आडव्या दोन कडा आणि मधल्या टोकाच्या दोन बाजू, एवढंच घासायचं. मूळचा उतार तसाच ठेव, आणि दोन्हीकडं सारखेच हात मार. बाहेरच्या उभ्या कडांना कानस लावलीस तर १६ चं बिट १६ चं राहणार नाही. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर समज, लोखंड कच्चं आहे, ते बिट दुकानदाराला परत कर. चकात लावून फिरवून पण बघ. टोक जागेवर न फिरता गोल काढत असेल तर दांडा वाकडा.

मापाचं एक. आमचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सुताचं बिट म्हणजे १५.८८ मिमी, तुझ्या १६ ला चालून जातं. पण २० च्या जागी सहा सुताचं घेतलंस तर ते १९.०५ भरतं, दांडी अडणार. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेली असतात.

आणि जुनी फळी आहे, आधी लोहचुंबक फिरव. आत मोडका खिळा असला तर बिट संपलं.

शाहूपुरी_फर्निचर:
मधे घुसतो, माफी. कपाटाच्या बिजागरीचं ३५ मिमीचं भोक फ्लॅट बिटानं काढलं तर?

जुना_पॅटर्नमेकर:
अजिबात नको. प्लाय १८ मिमीचा, आणि बिजागरीची गोल वाटी त्यात साधारण १२ मिमी खोल बसते. फ्लॅट बिटाचं लांब टोक पुढच्या सनमायकातनं बाहेर येईल. तिथं फोर्स्टनरच, त्याचं टोक आखूड आणि तळ सपाट.

मंगळवारपेठकर:
काका, लई उपकार. चुंबक फिरवलं, एका कडेला खरंच चिकटलं, ती जागा सोडतो. आता ती १२ मिमीची जुनी भोकं तेवढी राहिली. फ्लॅट बिट त्यात नुसतं थरथरतंय.

जुना_पॅटर्नमेकर:
थरथरणारच. मधल्या टोकाला धरायला लाकूडच नाही. १२ मिमीची लाकडी गुट्टी फेव्हिकॉल लावून भोकात ठोक, रात्रभर वाळू दे, वरनं रंध्यानं सपाट कर. मग गुट्टीच्या मध्यावर खूण करून १६ चं बिट नेहमीसारखं चालव. फेव्हिकॉल ओला असताना घाई करू नकोस, गुट्टी बिटाबरोबर गरागरा फिरत बसते.