विश्व मुळात का आहे? तत्त्वज्ञानाच्या अंगाने काय वाचू?

अर्धविराम
मंडळी, परवा आठ वर्षांच्या भाचीला महास्फोट समजावत होतो. "त्याआधी काहीच नव्हतं," म्हटलं, तर म्हणते, "मामा, मग ते काहीच ठेवलं कुठे होतं?" मी कशीबशी वेळ मारून नेली, पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

विश्व 'कसं' झालं यावर थोडंफार वाचलंय. 'का आहे' यावर हवंय. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्राउसचं 'अ युनिव्हर्स फ्रॉम नथिंग' (विश्व शून्यातून आलं, असं सांगणारं) वाचलं आणि शेवटी फसवल्यासारखं वाटलं. का, ते धड सांगता येत नाही. गणित बेताचं आहे. कुठून सुरुवात करू?

तळटीप
वाटलं ते रास्तच आहे. त्या पुस्तकावर तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्टने २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये परीक्षण लिहिलंय, ते आधी वाचा. मुद्दा साधा आहे: भौतिकशास्त्रातली निर्वात पोकळी म्हणजे 'काहीच नाही' नव्हे. तिथे क्वांटम क्षेत्रं आहेत, त्यांचे नियम आहेत. बोटं मिटली की मूठ होते, उघडली की मूठ जाते. म्हणून मूठ शून्यातून आली असं आपण म्हणत नाही. कणांचंही तसंच: क्षेत्रांची मांडणी बदलली की ते येतात, जातात. बोटं कुठून आली, हा प्रश्न राहतोच.

मग जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स. 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?' हा प्रश्न त्याने १७१४ साली थेट मांडला. पण माझ्या मते त्याआधीचं, १६९७ चं छोटं टिपण जास्त भारी आहे. समजा भूमितीचं एक पुस्तक आहे. ते आधीच्या प्रतीवरून उतरवलंय, ती प्रत तिच्या आधीच्या प्रतीवरून, असं अनादि काळापासून चाललंय. हातातली प्रत अशी का, ते कळलं. पण हे पुस्तक मुळात आहेच का, आणि भूमितीचंच का, हे कितीही मागे गेलात तरी कळत नाही. 'विश्व अनादि आहे, सुरुवातच नाही, मग प्रश्न कसला?' असं म्हणणाऱ्याला हा दाखला ऐकवा.

उलट बाजूला स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचे धर्मावरचे १७७९ चे संवाद. वीस कणांपैकी प्रत्येकाचं कारण सांगितलं, तर वर 'विसांच्या गठ्ठ्याचं कारण काय' हे विचारण्यात अर्थ नाही, असं त्यातलं एक पात्र म्हणतं. वाचायला झकास, पण पुस्तकाच्या दाखल्यापुढे मला ते तोकडं वाटतं.

निवांत_नास्तिक
तोकडं कसं? प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते का? हे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं. १९४८ साली बीबीसीवर त्याचा फादर कोपल्स्टन या जेझुइट धर्मगुरूशी देवाच्या अस्तित्वावर वाद झाला होता, त्याचं शब्दांकन वाचा. विश्व आहे, बस्स, एवढंच त्याचं म्हणणं. प्रत्येक 'का'ला उत्तर असलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

तळटीप
हट्ट नाही हो. पण 'बस्स' कुठे म्हणायचं, हे कोण ठरवणार? वीज का पडते यावरही कुणी 'पडते, बस्स' म्हणू शकला असता.

उंबरठा
आपल्याकडचंही घ्या की. नासदीय सूक्त (ऋग्वेद १०.१२९) सातच ऋचांचं आहे. शेवटची तर चकित करते: ही सृष्टी कुठून आली ते परम व्योमातला अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल! छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रोखठोक विचारतो, 'कथमसतः सज्जायेत', असत्‌मधून सत् कसं निपजेल, म्हणजे 'नाही'तून 'आहे' कसं येईल?

थेट 'का'बद्दल हवं असेल तर वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ ब्रह्मसूत्र, २.१.३३, 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्': लोकांत दिसते तशी ही केवळ लीला. ज्याला काही कमी नाही, त्याने सृष्टी करावीच का? शंकराचार्य भाष्यात श्वासाचा दाखला देतात. श्वास काही मिळवायचं म्हणून आपण घेत नाही, तो स्वभावानेच चालतो. हे उत्तर आहे की प्रश्नाला दिलेली बगल, यावर माझं मत दर वर्षी बदलतं.

आणि हा सगळा उद्योगच फोल वाटला तर मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातली मालुंक्यपुत्ताची गोष्ट. विश्व अनादि आहे का, असले प्रश्न विचारणाऱ्या या शिष्याला बुद्ध दाखला देतो: एकाला विषारी बाण लागलाय, आणि तो म्हणतो, मारणाऱ्याचं कूळ कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही.

सहज_डोकावलो
वाखू (वाचनखूण) साठवली.

तळटीप
एक राहिलं. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटचा १९९८ चा लेख, लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्समधला. तो प्रश्नाचे दोन तुकडे करतो: काहीतरी का आहे, आणि हेच का आहे. एकही विश्व नसणं, शक्य तितकी सगळी असणं, सर्वांत चांगलं तेवढंच असणं, अशा शक्यता तो मांडतो. यांतली एखादी खरी निघाली तर तो निव्वळ योगायोग असेल का, असं विचारतो. गणित नाही, पण सावकाश वाचा. मला तीनदा वाचावा लागला.

अर्धविराम
सर्वांचे आभार. क्राउसने काय फसवलं ते मुठीमुळे कळलं. पार्फिट छापून घेतलाय, पुढचा नंबर भूमितीच्या पुस्तकाचा.

भाचीला शंकराचार्यांचं श्वासाचं सांगून पाहिलं. तिने गाल फुगवून श्वास रोखून धरला आणि बोटाने माझ्याकडे खूण केली: आता बोल. @उंबरठा, यावर भाष्यात काही आहे का?