सुमीत मिक्सर: नाव भांडणात गेलं की बाजारात?

खलबत्ता:
१९६३ ची गोष्ट. सीमेन्समधले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ब्राऊन या जर्मन कंपनीचा मिक्सर जळाला, इथे दुरुस्त होईना. त्यांनी स्वतःच नवा बनवायला घेतला. 'सुमीत', म्हणजे चांगला मित्र, हे नाव पत्नी माधुरी यांनी सुचवलेलं. एके काळी मिक्सर म्हणजे सुमीतच! मग नावावरून दोन कंपन्या भांडल्या: पॉवर कंट्रोल अप्लायन्सेस आणि सुमीत मशीन्स. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९४ च्या निकालात न्यायालयाने बजावलं, एका व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) उगम एक आणि मालकही एकच. माझ्या मते सुमीतचा घात तिथेच झाला.

तीनजारवाला:
अहो, गिऱ्हाईक काय निकालपत्र वाचून दुकानात जातं? परदेशी मिक्सर रस आणि मिल्कशेकसाठी बनलेले. त्यात भिजवलेली डाळ घाला, पातं अडतं, मोटर जास्त करंट खेचते, वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. सुमीतने दणकट मोटर दिली, हे श्रेय शंभर टक्के त्यांचं. पण एकदा युक्ती कळल्यावर ती गुपित राहते का? १९७८ मध्ये चेन्नईत प्रीती ही मिक्सर कंपनी सुरू झाली, २०११ मध्ये फिलिप्सने ती विकतही घेतली. बाजाराने हरवलं म्हणा.

खलबत्ता:
तुम्ही तर माझीच बाजू मांडताय! सगळ्यांच्याच मोटरी दणकट झाल्या की उरतं काय? नाव. आणि नेमकं तेच दोघांनी ओढून धरलेलं.

पाटावरवंटा:
मधे बोलतो. 'सुमीतने वाटणाचा दगड हद्दपार केला' असं लोक म्हणतात, ते कौतुक जरा आवरा. कोइंबतूरचा वेट ग्राइंडर, म्हणजे दगडाने ओलं पीठ वाटणारं यंत्र, १९५५ पासूनचा, आणि इडलीच्या पिठासाठी लोक आजही तोच घेतात. दगड सावकाश फिरतो, पीठ तापत नाही. मिक्सरचं पातं तापवतं. सुमीत जिंकला तो चटणी, वाटण आणि सुक्या मसाल्यांत. अर्थात रोज लागतं तेच, त्यामुळे ही जीत लहान नाही.

तीनजारवाला:
@खलबत्ता, नावाचा मुद्दा निम्मा मान्य. पण आमच्या घरी आईचा सुमीत अजून चालतोय. कार्बन ब्रश बदलले, कपलर बदलला, एका भांड्याचं पातं बदललं. दुसरा मिक्सर आम्ही घेतलाच नाही. ह्याला कुठलं कोर्ट जबाबदार?